फ्रेंचसर आणि माझ्या शेळ्या

फ्रेंचसरांना शेळीच्या अंगावरच्या आणि पोटातल्या सगळ्या किड्यांची नावं इंग्रजीत पाठ होती आणि फ्रेंचमध्येही पाठ होती. पण दारात शेळी आली की ते दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसायचे आणि ती जाईपर्यंत खाली सोडायचे नाहीत. मी त्यांच्याकडं साडेतीन वर्षं स्वयंपाक आणि धुणंभांडी केली. तेवढ्या दिवसांत त्यांनी एकाही जनावराच्या पाठीवरून हात फिरवलेला मी पाहिला नाही. गोचिडीबद्दल मात्र ते सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत लिहायचे.

त्यांचं खरं नाव दुसरं होतं. तीर्थपुरीत तोंडावर सगळे फ्रेंचसर म्हणायचे आणि पाठीमागं नुसतं फ्रेंच. गाव त्यांचं हेच, पण सगळी नोकरी हैदराबादला झाली. तिथं कॉलेजात ते फ्रेंच शिकवायचे. बायको वारल्यावर इकडं आले आणि भावाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहू लागले. एक मुलगी होती, ती पुण्याला. जनावरांच्या औषधांच्या एका कंपनीचं काम त्यांच्याकडं यायचं. ती औषधं आफ्रिकेत जायची. तिथल्या बऱ्याच देशांत फ्रेंच चालते म्हणे. म्हणून बाटलीवरचा कागद, आतलं घडी केलेलं पत्रक, किड्यांच्या नावांची यादी, सगळं इंग्रजीतून फ्रेंचमध्ये करायचं, हे सरांचं काम.

ते पॅरिसला सहा महिने राहून आलेले होते. हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि पुढं आठवड्यातून एकदा तरी सांगितलं. त्या सहा महिन्यांमुळं त्यांना भाकरी काट्याचमच्यानं खाता यायची. पिठलं ते चमच्यानं भाकरीवर पसरायचे आणि सुरीनं तुकडे पाडायचे. सुरीखाली ज्वारीच्या भाकरीचा भुगा व्हायचा, तो टेबलाखाली पडायचा, आणि तो मी झाडायचे. “तिथं जेवायला दीड तास लागतो, कमलबाई,” असं ते म्हणायचे. इथं पण लागायचा. माझी पुढची दोन घरं खोळंबायची.

एक सांगायला पाहिजे. माणूस नजरेनं चांगला होता. मी आत असले की दार सताड उघडं ठेवायचे. मला कधी अगं-तुगं केलं नाही. माझ्या मनीषाला इंग्रजीचा धडा समजला नाही तर समजावून सांगायचे, आणि त्याचं बोलून दाखवायचे नाहीत. म्हणून लोक मला म्हणतात, तू सरांच्या बाबतीत एवढी कडू कामून? त्यांना मी काही सांगत नाही. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. वहीत जमतं.

त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, “तुम्हाला काय कळणार त्यातलं? हे शास्त्रीय आहे.” मी काही विचारलेलं नसताना पण ते हे म्हणायचे. मी टेबल पुसताना लॅपटॉपकडं नुसती मान वळवली तरी म्हणायचे. आणि दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात यायचे. हातात फोन, चष्मा कपाळावर.

“कमलबाई, हा कुठला असेल?”

फोटो असायचा. कधी पांढऱ्या पट्टीचा जंत, कधी नाकातली अळी, कधी कानाच्या आत बसलेल्या गोचिडी. मी हात पुसून बघायचे आणि सांगायचे. हा कुठं राहतो, हा लेंडीत कसा दिसतो, ह्यानं शेळी कशी करते. सर उभ्या उभ्या ऐकायचे, मग आत जाऊन टकटक करायचे. इंग्रजीत एकाच नावाचे दोन-तीन किडे असतात, मग फ्रेंचमध्ये कुठला शब्द घ्यायचा ते किडा कुठं राहतो त्यावर ठरतं, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं. म्हणजे त्यांना शब्द माहीत होते, आणि कुठला किडा कुठं राहतो ते मला माहीत होतं.

एकदा असाच एक जंत आला. लाल आणि पांढरा, दोन दोऱ्यांना पीळ घालावा तसा. सर म्हणाले, “हा आतड्यातला दिसतो.”

“न्हाई सर. शेळीला चार पोटं असतात. हा चौथ्या पोटात असतो. बोकड कापल्यावर वजडी धुताना दिसतो. रक्त पितो. शेळीची खालची पापणी वढून बघा, पांढरी फटक असते.”

“पापणी?”

“हां. आतून लाल पाहिजे.”

त्यांनी तोंड वाकडं केलं, वजडीचं नाव काढल्यामुळं. पण लिहिलं. संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. सर म्हणत होते, “आज एक अवघड टर्म होती. दोन तास घालवले, पण लावला छडा.” मी पातेलं पालथं घातलं. मला राग आला असं म्हणता येणार नाही, त्या वेळी तर हसू आलं. खरं तर मला त्या विचारण्याची सवय लागली होती. घरी मला कुणी काही विचारत नव्हतं. चौथीनंतर मला शाळेतून काढून शेळ्यांमागं लावलं, तेव्हापासून शेळ्यांबद्दल जे कळलं ते कुणाच्या कामाचं असेल असं वाटलंच नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या गयामावशीकडं पण शेळ्या होत्या. आम्ही दोघी बरोबर चारायला जायचो. ती रोज विचारायची, “काय गं, आज फ्रेंचनं गोचिडीला काय म्हटलं?”

“तीक.”

“आन् उवाला?”

“पू.”

“अरे देवा. मंग पुवाला काय म्हणत्यात?”

“ते न्हाई सांगितलं.”

“इचारून ठेव. आन् हे बघ, तीक म्हटल्यावर गोचीड आपली आपण गळून पडत असंल तर मला बी शिकव. माझं तंबाखूचं पाणी लावून लावून हात सडून राह्यले.” मग थोडं चालून म्हणायची, “त्याला एक डाव माझी काळी शेळी पुसायला लाव. पगार देते.”

सरांच्या कामाची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लॅपटॉपवर दोन रकाने असायचे. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं फ्रेंच. एखादं वाक्य त्यांनी आधी कधी केलेलं असलं की उजवीकडं ते आपोआप भरून यायचं, हिरव्या रंगात. सर त्याच्याकडं बघायचे पण नाहीत. एक बटण दाबलं की पुढचं. औषधाच्या कागदावर वरच्या ओळी दर वेळी नव्या असतात, औषधाचं नाव, कशावर चालतं, किती पाजायचं. खाली असतं ते काय करू नये. ते बहुतेक सगळ्या कागदांवर तेच ते. म्हणून खालचा सगळा भाग हिरवा. सर वरचं करताना डोकं धरून बसायचे, शब्दकोश काढायचे, आणि खाली आले की बोट नुसतं टक टक टक.

मी एकदा धीर करून विचारलं, “हे वाचत न्हाई का, सर?”

“झालेलं आहे ते. झालेलं काम परत बघायचं नसतं. कंपनीसुद्धा त्याचा मोबदला देत नाही.”

मला तेव्हा ते हुशारीचं वाटलं.

त्या वर्षी माझ्याकडं चार शेळ्या होत्या. आमचे हे जालन्याला सळईच्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी. घर त्यांच्या नावावर, गॅस सासूच्या नावावर, शेळ्या मात्र माझ्या होत्या. एका पाठीपासून, एवढ्याशा मादी करडापासून, मी त्या वाढवल्या होत्या. चारही त्या महिन्यात बोकडाला दाखवून आणल्या, चारही फळल्या, गाभण राहिल्या. व्याल्या की दोन-दोन करडं धरली तरी दावणीला बारा जीव झाले असते. तेवढ्यावर मी दुसऱ्याची भांडी सोडणार होते. हे मी फक्त मनीषाला सांगितलं होतं. ती म्हणाली, “सरांची पण?” मी म्हणाले, सरांची सगळ्यात आधी. आणि आम्ही हसलो.

पण फळल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्यातल्या दोघींच्या पापण्या पांढऱ्या दिसायला लागल्या. एकीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. जनावरांच्या दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांकडं दोन गावं, ते सोमवारशिवाय येणार नव्हते. म्हणून ह्यांना फोन करून जालन्याहून जंताचं औषध मागवलं. आजवर मी दवाखान्यातूनच औषध पाजून आणत होते, बाटली हातात अशी पहिल्यांदाच आली. आत घडी केलेलं पत्रक, सगळं इंग्रजी. मला वाटलं, आपल्याला काय काळजी. ह्याच कागदांवर ज्यांचं पोट चालतं, त्यांच्याच घरी आपण काम करतो.

सर नाश्ता करत होते. मी पत्रक टेबलावर ठेवलं. “सर, एवढं वाचून सांगता का? घरच्या शेळ्यांना पाजायचंय.”

त्यांनी पत्रक दोन बोटांनी उचललं. “हं. हे आपलं नेहमीचंच.” त्यांनी वरचं वाचलं. कुठल्या कुठल्या जंतांवर चालतं ते सांगितलं, एकदा फ्रेंच नाव पण घेतलं. मग म्हणाले, “वजनावर आहे. तुमची शेळी किती किलोची?”

मी सांगितलं. त्यांनी हिशोब करून किती पाजायचं ते सांगितलं.

“सगळ्यांना पाजू का दोघींनाच?”

“सगळ्यांनाच पाजायचं असतं.”

खाली अजून आठ-दहा ओळी होत्या, बारीक अक्षरात. मी बोट ठेवलं. “सर, हे खाली काय लिहिलंय?”

“ते सगळ्या बाटल्यांवर असतं,” असं म्हणून त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि मला परत दिलं.

मी तिथंच उभी राहिले. माझ्या शेळ्या फळलेल्या आहेत, एवढं एक वाक्य मला म्हणायचं होतं. पण त्यांनी सुरी उचलून टोस्ट कापायला घेतला होता, आणि एकदा विचारून झालेलं पुन्हा विचारणं मला कधीच जमलेलं नाही. मी घरी गेले आणि चौघींनाही औषध पाजलं.

दोघी पुढच्या आठ दिवसांत पुन्हा माजावर आल्या. मला वाटलं, नीट फळल्या नसतील. तिसरी तीन महिन्यांची गाभण असताना गाभडली, करडू अर्धवट पडलं. चौथीनं दिवस भरले, आणि तिला दोन करडं झाली. पाय पुढून वळलेले, कोयत्यासारखे. उभंच राहता येईना. मी दोन दिवस त्यांना मांडीवर घेऊन आईला लावत राहिले. तिसऱ्या दिवशी दोन्ही गेली.

तेव्हा मी ते पत्रक घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. “मावशी, हे बघा, साफ लिहिलंय. फळल्यापासून पहिला महिना हे पाजायचं नाही. कुणाला विचारलं नाही का?”

मी म्हणाले, न्हाई. त्यांना काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेले. रात्रभर काय काय बोलायचं ठरवलं होतं. पत्रक टेबलावर ठेवलं, त्या ओळींवर बोट ठेवलं, आणि म्हणाले, “चारींचं बी वाया गेलं, सर. झाली ती करडं बी गेली.”

सरांनी ओळी वाचल्या. त्यांचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. मग त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला आणि भराभर काहीतरी शोधायला लागले. मला वाटलं, काही उपाय बघत असतील. थोड्या वेळानं त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. उजव्या रकान्यात एक हिरवी ओळ होती.

“हे बघा. हेच वाक्य. मी बरोबर केलेलं आहे.” त्यांनी मोठा श्वास सोडला. “फ्रेंचमध्ये बिलकुल चूक नाही.”

त्या दिवसापर्यंत मी सरांना हसत होते. त्यानंतर मला त्यांच्याबद्दल जे वाटतं त्याला हसू म्हणता येत नाही. ते वाक्य त्या माणसानं शंभर वेळा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेलं होतं. ज्या शेळ्या त्यांनी कधी पाहिल्या नाहीत त्या सगळ्या त्यांनी वाचवल्या होत्या, आणि त्या बरोबर वाचवल्यात का एवढंच त्यांनी त्या सकाळी तपासून पाहिलं. नंतर ते “वाईट झालं” म्हणाले. त्या महिन्यात जास्तीचे पैसे देऊ केले, ते मी घेतले नाहीत. पण काम सोडायची सोय उरली नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी पण मी गेले आणि टेबलाखालचा भुगा झाडला.

गयामावशीला मी सगळं सांगितलं. तिनं एरवीसारखी टिंगल केली नाही. बराच वेळ तिच्या काळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, “तुझी बी चूक हाय, कमल. त्याला शेळी म्हंजे कागदावरचीच माहीत. तू त्याला माणूस समजून इचारलं.”

त्यानंतर सर फोन घेऊन दारात आले की मी फोटोकडं बघायचे आणि कणीक मळत राहायचे. “माहीत न्हाई, सर.” पहिल्यांदा त्यांना खरं वाटलं. मग कळलं असावं, कारण ते माझ्याकडं बघायचं टाळायला लागले. पण यायचे मात्र. त्यांना दुसरीकडं कुठं जाता येणार होतं? मग ते अंदाजानं काहीतरी लिहायचे. टकटक मला ऐकू यायची, आणि त्या टकटकीवरून कळायचं की सरांना माहीत नाहीये. मला बरं वाटायचं. एवढं बरं वाटायला नको होतं, पण वाटायचं.

वर्षभरानं मुलगी येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. जाताना त्यांनी मला हात जोडले आणि मनीषाला इंग्रजीचा एक जाड शब्दकोश दिला. गाडीत बसताना पण पाय आधी वर घेतले, कारण खाली कुणाची तरी शेळी उभी होती. मी गाडी वळेपर्यंत पण थांबले नाही.

पुढं चार-पाच महिन्यांनी मनीषाच्या फोनवर त्यांनी पाठवलेला एक फोटो आला. खाली लिहिलं होतं, कमलबाईंना विचार, हा कुठला. मी म्हणाले, ठेव बाजूला. मनीषा म्हणाली, “अगं, बघ तर.” मी पाहिलं. शेळीचं नाक होतं, त्यातून बाहेर आलेली एक जाड पिवळट अळी. आणि कडेला शेळीचं तोंड धरलेला एक हात. बाईचा होता. काळा, बोटं रापलेली, मनगटात दोन पातळ बांगड्या. तिनं अंगठा जबड्याच्या मागं घातला होता, शेळीनं तोंड मिटू नये म्हणून. मी पण तसाच घालते. ती आफ्रिकेतल्या त्या फ्रेंच चालणाऱ्या देशातली असणार. तिच्या हातात बाटली येईल, आणि ती पण कुणाला तरी म्हणेल, एवढं वाचून सांगता का. सरांनी अंदाजानं लिहिलं तर ते भोगणारी ती. मी गप्प बसून सरांचं काहीच बिघडत नव्हतं.

मी मनीषाला फोन लावायला सांगितलं. सरांचा आवाज बारीक झाला होता.

“सांगते, सर. पण आधी माझ्या शेळ्यांना पाजलं त्या औषधाच्या कागदावरचं खालचं सगळं मला मराठीत वाचून दाखवा. मी लिहून घेणार हाय.”

“कमलबाई, ते सगळं सारखंच असतं हो. लांब आहे.”

“असू द्या.”

त्यांनी लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला. मग वाचायला लागले, जड जड मराठीत. “गर्भावस्थेच्या प्रारंभिक कालावधीत सदर औषध...”

“असं न्हाई, सर. आमच्या गल्लीतल्या बायांना कळंल असं सांगा.”

“म्हणजे कसं?”

मी वहीवर पेन धरून बसले. तिकडं पंखा फिरत होता, तो ऐकू येत होता. दोन भाषांचा तो माणूस तिसरी शोधत होता. शेवटी ते हळू म्हणाले, “शेळी फळली की... पहिला एक महिना तिला हे औषध पाजू नका. पोटातलं करडू मरतं. जगलं तर पाय वाकडे होतात.”

“बराबर,” मी म्हणाले. ते अक्षर न् अक्षर लिहून घेतलं आणि मनीषाला वाचून बघायला लावलं. मग सरांना सांगितलं की ती नाकातली अळी आहे, उन्हाळ्याच्या तोंडाला माशी नाकावर बसते तेव्हा आत पडते, आणि शेळी शिंकते तेव्हा बाहेर येते.